भिंतीवरच्या कोळ्याची ओळख

कोळी म्हटला की आपल्यापुढे जळमट उभे राहते. परंतु आपल्या भिंतीवर, खिडकीच्या गजावर, कुंडीतल्या पानावर वावरणारा एक कोळी असा आहे की, जो सावजासाठी जाळे विणतच नाही. तो दबा धरतो आणि झेप घेतो. त्याची लांबी बहुधा ३ ते १० मिलिमीटर. उडी मारणाऱ्या या कोळ्यांचे कूळ सर्व कोळ्यांत मोठे असून त्यात ६,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

अंगातील द्रवाचा दाब एकदम वाढवून तो पाय ताठ करतो, आणि उडण्यापूर्वी रेशमाचा धागा बुडाशी चिकटवून ठेवतो. नेम चुकला तरी दोर शाबूत! त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे बारकावे पाहतात, बाकीचे मुख्यतः हालचाल टिपतात.

त्याचे छायाचित्र घेताना पहिली अडचण अशी की, वस्तू जितकी मोठी दिसावी तितकी स्पष्टतेची खोली कमी होते. डोळे रेखीव आले की पोट धूसर! म्हणून कॅमेऱ्याचे छिद्र लहान करावे, उणा पडणारा प्रकाश फ्लॅशने भरून काढावा आणि फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद लावावा, म्हणजे उजेड मऊ पडतो. महागडे भिंग हवेच असे नाही. ५० मिलिमीटरचे साधे भिंग कडीच्या साहाय्याने उलटे बसवले तरी काम भागते. चित्रे तीन घ्यावीत: डोळ्यांच्या मांडणीसाठी समोरून, नक्षीसाठी वरून, आणि एक बाजूने. सोबत तारीख, ठिकाण, झाड आणि माप लिहावे.

आता ओळख. घरात आढळणाऱ्या प्लेक्सिपस पेकुली या कोळ्याचा नर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, मादी तपकिरी. पाहणाऱ्याला दोन निराळ्या जाती वाटाव्यात! उलट, आंब्याची पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत त्यांच्यासारखाच दिसणारा एक कोळी फिरतो आणि पुढचे पाय मिशांसारखे हलवतो. तेथे पाय मोजावेत: मुंगीला सहा, कोळ्याला आठ.

पुष्कळ जातींचा निवाडा मात्र रंगावरून होत नाही. नराच्या तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवांची आणि मादीच्या पोटाखालच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. छायाचित्रावरून बहुधा वंश कळतो, म्हणजे आडनाव कळते. पाळण्यातले नाव नेहमीच कळते असे नाही. अशा वेळी जातीची जागा कोरी ठेवावी.

माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याला कामावरून काढले तरी काढल्याची नोंद होत नाही, हे मी तेथे पाहिले. आणि खोट्या नावांनी भरलेला पट कोऱ्या पटाहून घातक असतो, हेही पाहिले.

ठाणे-कल्याण हे काही घोर अरण्य नव्हे. माणसांनी आणि कारखान्यांनी गजबजलेला तो मुलूख. तेथील एका कोळ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते २०२१ साली: आयसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ हल्लेखोराची बंदूक धरून ठेवून ज्यांनी प्राण दिले, त्या सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते ठेवले गेले. लाखो माणसांच्या शेजारी राहणारा हा जीव तोवर शास्त्राच्या दप्तरी नव्हता. असे आणखी किती असतील! त्यांची झुडपे तोडून तेथे इमारत उभी राहिली, तर काय गेले हे सांगायला कोणीही नसेल.

हे कोळी दिवसा हिंडतात. सकाळचे ऊन खिडकीवर आले की चौकट न्याहाळा. त्याला मारू नका. चित्र घ्या आणि जेवढे दिसले तेवढेच लिहा. राहिलेली जागा कोणी जाणकार भरील.