चकवा लागला तर काय कराल?

चकव्याची गोष्ट ज्या घरात कधी झाली नाही, असे घर खेड्यापाड्यांत शोधून सापडणार नाही. कुणी चुकलेला बैल हुडकायला गेला, कुणी पलीकडच्या गावच्या बाजाराहून रात्री परतत होता, आणि वाट रोजच्या पायाखालची असूनही रात्रभर एकाच झाडाभोवती फिरत राहिला. दिवस उजाडला तेव्हा पाहतो तो काय, आपल्याच शिवारात! मग म्हातारी माणसे सांगतात, "चकवा लागला होता रे बाबा. अशा वेळी खाली बसावे, पानसुपारी खावी आणि मग उठावे."

चकवा हा भुताचा प्रकार की आणखी कशाचा, हा वाद आपण इथे घालायला नको. पण वाट चुकलेला माणूस गोल फिरतो, हे मात्र खरे ठरले आहे. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना एका सपाट, दाट जंगलात नेऊन सोडले आणि सांगितले, एका दिशेने सरळ चालत राहा. उपग्रहावरून जागा कळणारे यंत्र त्यांच्याजवळ दिले होते. ज्यांच्या डोक्यावर सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेले असताना जे चालले ते गोल गोल फिरले, आपलीच वाट ओलांडून पुढे गेले, आणि तरी त्यांना वाटत होते की आपण सरळच चाललो आहोत. सहारा वाळवंटात एक जण चांदण्या रात्री चालत होता. चंद्र ढगाआड गेला आणि हा वळत वळत आल्या दिशेलाच परत फिरला. डोळे बांधून चालायला लावले तेव्हा तर काहींनी वीस मीटर रुंदीच्या रिंगणात चकरा मारल्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो म्हणून असे होते, ही समजूतही या प्रयोगात टिकली नाही. बाहेरची खूण दिसेनाशी झाली की आपल्या मनातले 'सरळ' हळूहळू सरकत जाते, एवढेच.

तेव्हा वाट चुकल्यावर पहिले काम कोणते? चालणे थांबवणे! म्हातारी माणसे पानसुपारी खायला बसवत, त्यात मोठाच शहाणपणा होता.

आता हेच शिकवायला जगभर वर्ग चालतात. रानात कसे राहावे, विस्तव कसा करावा, पाणी कुठले प्यावे, दिशा कशी ओळखावी, याची आठ दिवसांची, महिन्याची शिबिरे असतात आणि शहरातले लोक फी भरून तिथे जातात. "रानात राहायचाही क्लास?" म्हणून तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण या शिबिरांचा उगम वाचल्यावर हसू थांबले.

1941 सालची गोष्ट. दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि इंग्लंडची मालवाहू जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. जहाज बुडाल्यावर खलाशी होडीत उतरत, पण त्या उघड्या होडीत तरणीबांड पोरे आधी दगावत आणि वयाने मोठे, शिडाच्या जहाजांवर दिवस काढलेले खलाशी तग धरत. अंगात ताकद कुणाच्या जास्त होती ते सांगायला नको. म्हाताऱ्यांनी वारा, थंडी, उपास सारे पूर्वी सोसले होते. घाबरायचे कधी आणि थांबायचे कधी हे त्यांना ठाऊक होते. हिटलरच्या जाचाने जर्मनी सोडून आलेले कुर्ट हान नावाचे शिक्षक होल्टच्या मदतीला होते. दोघांनी मिळून वेल्समधल्या ॲबरडोव्ही गावी समुद्रकाठी शाळा काढली. नाव ठेवले 'आउटवर्ड बाउंड', म्हणजे बंदर सोडून निघालेले जहाज. महिनाभर मुलांनी होडी हाकायची, नकाशा घेऊन डोंगर तुडवायचे, दुसऱ्याला वाचवायला शिकायचे. पुढे ही शाळा अनेक देशांत पसरली.

दुसरी गोष्ट लहान मुलांची आहे आणि आपल्या घरांना ती अधिक जवळची वाटेल. आपली नऊ-दहा वर्षांची पोरे शेळ्यांमागे, करवंदांमागे डोंगरात जातात, नाही का? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरात 1981 च्या फेब्रुवारीत असाच एक नऊ वर्षांचा मुलगा घरच्यांबरोबर सहलीला गेला असता चुकला. शेकडो माणसे त्याला शोधत होती. तो सापडला, पण थंडीने गारठून मेलेला. शोधणाऱ्यांत ॲब टेलर नावाचा माग काढण्यात तरबेज असलेला सीमेवरचा शिपाई होता. या मुलाला दोन-चार गोष्टी ठाऊक असत्या तर तो वाचला असता, हे त्याच्या मनातून जाईना. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी शाळांतल्या मुलांसाठी एक छोटा पाठ तयार केला. तासाभरात होतो. नाव आहे 'झाडाला मिठी मारा'.

त्यात काय शिकवतात? घराबाहेर जाताना कुठे जातो ते सांगून जा. चुकलास असे वाटले की एखादे झाड धर आणि तिथेच थांब. वाटले तर त्याला मिठी मार, त्याच्याशी बोल, म्हणजे भीती कमी होते. खिशात शिटी ठेव, कारण ओरडून घसा बसतो आणि शिटी दूर जाते. तीन वेळा वाजवायची, थांबायचे, पुन्हा तीन वेळा. मोठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेव. तोंडासाठी भोक पाडून ती अंगात घातली की पाऊस-वारा लागत नाही. आणि शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. घरचे रागावतील म्हणून लपू नकोस, तुझ्यावर कुणीही रागावणार नाही. हाका ऐकूनही मारापायी गप्प बसलेली पोरे असतात! म्हणजे हा पाठ मुलांइतकाच आईबापांचाही झाला.

मोठ्यांच्या शिबिरांत शिकवण्याजोगे पुष्कळ असते, पण त्यातले निम्मे तुमच्या घरात पडून आहे असे मी म्हणेन. शहरातला मुलगा गाठी शिकायला दोन दिवस घेतो. तुमच्या घरचा गडी दावे बांधताना कोणती गाठ जनावराच्या ओढीने आवळते आणि कोणती आवळत नाही हे न बघता सांगतो. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक त्याला बोटांनी कळतो. शिबिरात सांगतात, थंडीच्या रात्री अंगावर जेवढे घ्याल त्याहून जास्त खाली अंथरा, कारण गारठा जमिनीतून चढतो. खळ्यावर कडबा पसरून निजणाऱ्याला हे काय नवे? पावसात विस्तव करायचा तर जमिनीवर पडलेले लाकूड घेऊ नये. उभे वाळलेले, झाडावरच अडकलेले घ्यावे, ते फोडावे आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढाव्यात. आधी ढलप्या, मग काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या. घाईने मोठे लाकूड घातले की विस्तव मेलाच. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला हे ऐकून हसूच येईल. (मात्र राखीव जंगलात नियम मोडून विस्तव करणे 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि होळीनंतरच्या दिवसांत एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर जळतो. शिबिरवाले हे आधी सांगतात, आपण मात्र विसरतो.)

पण उरलेले निम्मे आपल्याला शिकावेच लागेल आणि काही बाबतींत जुने सोडावे लागेल. झऱ्याचे पाणी नितळ दिसते म्हणून ते चांगले, हा आपला समज. वर कुठे ढोर मरून पडले असेल तर खाली काय दिसणार? खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पाणी तसेच उकळू द्यावे, उंच हिमालयात तीन मिनिटे. अनोळखी अळंब्यांबाबत तर एकच धडा आहे: पुरती ओळख नसेल तर हात लावू नका. शिजवल्याने साऱ्यांचे विष जात नाही.

आणि साप! आपल्याकडचे बहुतेक बळी चौघांचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. साप चावल्यावर जखम कापणे, तोंडाने चोखणे, दोरीने करकचून आवळणे, हे सारे आपण वर्षानुवर्षे केले आणि या तिन्हींनी अपायच होतो. आता कुठल्याही बऱ्या शिबिरात शिकवतात ते असे. माणसाला आडवे करून धीर द्या. अंगठी, कडे, जोडवी, पैंजण काढा, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय फळी अथवा काठी बांधून हलणार नाही असा करा. त्याला चालवू नका. खाटेवरून, डोलीतून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, जमेल तसे सापाच्या विषावरचे इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात न्या. 108 ला फोन करा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. मण्यार तर रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा आल्या, पापण्या जड झाल्या, तर अपचन म्हणून बसू नका.

हे सारे कुठे शिकायचे? आपल्या देशात अशा शिक्षणाची जुनी सोय डोंगरातली आहे. एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे यांनी 1953 साली एव्हरेस्ट सर केले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली. प्रत्यक्ष डोंगरातले शिक्षण तेनसिंग यांच्याकडे सोपवले होते. याक राखणाऱ्याच्या घरचा हा मुलगा. त्याला लिहितावाचता येत नव्हते. तरी शिकलेले लोक त्याच्या हाताखाली शिकले. 1965 साली उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तिथला पायाभूत अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्याच उत्तरकाशी जिल्ह्यातल्या नाकुरी गावची बचेंद्री पाल एम.ए., बी.एड. होऊनही मनासारखी नोकरी न मिळाल्याने घरी होती. या संस्थेत ती शिकली आणि 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोचणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. मुलीला कशाला पाठवायचे, असे विचारणाऱ्याला एवढे सांगितले तरी पुरे.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या आधाराने पुष्कळ शिबिरे होतात. चांगली आहेत, तशी नुसती मौजेची, पैसे काढणारीही आहेत. पैसे भरण्याआधी चार प्रश्न स्पष्ट विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः कुठे शिक्षण घेतले? एका शिक्षकामागे मुले किती? प्रथमोपचार कुणाला येतात आणि जवळचा दवाखाना किती दूर? पाऊस वाढला तर कार्यक्रम रद्द करता का? शेवटच्या प्रश्नाला "छे, आम्ही कधीच रद्द करत नाही" असे छाती काढून उत्तर आले तर तिथून उठा. 2021 साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण ठरवले असून त्यात संस्थांच्या नोंदणीची तरतूद आहे. ती नोंदणी झाली आहे का, तेही पाहा.

आणि ज्यांना फी परवडत नाही? त्यांच्यासाठी कोलंबिया देशातली एक हकिगत सांगतो. 1 मे 2023 रोजी ॲमेझॉनच्या जंगलात एक लहान विमान कोसळले. मोठी माणसे गेली. उरली चार भावंडे: तेरा, नऊ आणि चार वर्षांची आणि एक अकरा महिन्यांचे तान्हे. ही हुईतोतो आदिवासींची मुले. थोरल्या मुलीने फांद्यांचा निवारा केला. विमानातले कसावाच्या कंदाचे पीठ संपल्यावर रानातली ओळखीची फळे शोधली. कुठले खायचे, कुठले नाही, हे त्यांना घरात, आजीकडून शिकायला मिळाले होते. लष्कर आणि आदिवासी दोघे मिळून शोधत होते. हेलिकॉप्टरवरून आजीचा आवाज त्यांच्या बोलीत ऐकवत होते, 'आहात तिथेच थांबा.' चाळीस दिवसांनी, 9 जूनला, चौघेही जिवंत सापडली. तान्ह्याचा पहिला वाढदिवस जंगलातच होऊन गेला होता.

तर आपल्या घरी पहिला पाठ असा घेता येईल. आभाळ स्वच्छ असेल अशा एखाद्या अंधाऱ्या रात्री मुलांना मळ्यात न्या आणि ध्रुव दाखवायला सांगा. बहुतेक जण सर्वांत तेजस्वी तारा दाखवतील, आणि ते चूक असेल. ध्रुव मध्यमच आहे. उत्तरेकडे हात ताठ करून एकावर एक दोन मुठी धराव्यात, क्षितिजापासून साधारण तेवढ्या उंचीवर आपल्याकडे तो असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवली की सापडतो. हिवाळ्यात सप्तर्षी नसतात तेव्हा शर्मिष्ठेवरून. मृगातले तिकांडे उगवते ती पूर्व आणि मावळते ती पश्चिम. आजोबांना बरोबर न्या. तिकांडे ते दाखवतील, आणि शर्मिष्ठा कुठली हे नात त्यांना दाखवील.