मिळून प्लॉट घेताना : आधी नाव, मग पैसा



ऊसबिल खात्यावर जमा झाले की बेणे-खताची चौकशी करायला येणारे सभासद हल्ली जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतात. "साहेब, आम्ही सहाजण मिळून नांदेडला जागा बघतोय. घ्यावी का?" मुलं शिकवणीसाठी लातूर-नांदेडला ठेवलेली, खोलीभाडं वाढलेलं, आणि एकट्याच्या बिलात प्लॉट बसत नाही. म्हणून मिळून घ्यायचा. विचार वाईट नाही. आपला कारखानाही लहान लहान भागांतूनच उभा राहिला. पण इथे भाग घेतला तेव्हा आपले नाव सभासद नोंदवहीत चढले, भागाचा दाखला हाती आला. जागेच्या व्यवहारात नेमके हेच राहून जाते.

आमचाच अनुभव सांगतो. पाचजणांनी सारखे पैसे घालून दहा गुंठे घेतले. खर्च आणि हेलपाटे वाचावेत म्हणून खरेदीखत एकाच्याच नावे केले. "आपलाच माणूस आहे," असे म्हणून आपसात कागदही केला नाही. पुढे तो गृहस्थ वारला, वारसांचा फेर झाला. पोरं म्हणाली, "वडिलांनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं." वकिलांनी १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा दाखवला : दुसऱ्याच्या नावे घेतलेल्या मिळकतीवर पैसे घालणाऱ्याला सहसा दावा सांगता येत नाही. हात चोळत बसलेल्या त्या चौघांत आम्हीही होतो.

हेच मोठ्या प्रमाणावरही घडले आहे. जमिनीच्या नावाखाली पीएसीएल कंपनीने देशभरातील सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून पैसे गोळा केले. २०१४ साली सेबीने सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमावी लागली. लोकांच्या हाती पावत्या होत्या, जमिनीचा ताबा आणि कारभार नव्हता.

उलट उदाहरण पुण्याजवळ हडपसरचे. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे कंपनीत भाग. एकी दोन्हीकडे होती. फरक पडला तो हिस्सा कागदावर असण्या-नसण्याचा.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी एवढे पाहावे :

१) नोंदणीकृत खरेदीखतात प्रत्येकाचे नाव व हिस्सा लिहून घ्यावा. नोटरीच्या बॉण्डवर मालकी येत नाही. नंतर फेरफार मंजूर होऊन सातबारावर सर्वांची नावे लागली का, हे स्वतः पाहावे.

२) शेतजमीन असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा लक्षात ठेवावा. २०२३ च्या अधिसूचनेने बागायतीस १० व जिरायतीस २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. दहाजणांनी दहा गुंठे सामाईक घेतले तर प्रत्येकाला वेगळा एक गुंठा तोडून मिळेल, असे धरून चालू नये. हे नियम बदलत असतात. आजची स्थिती तहसिलात विचारावी.

३) प्लॉट असेल तर अकृषिक आदेश व मंजूर रेखांकन मागावे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या आणि आठांहून जास्त प्लॉटच्या योजनेला महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो.

४) पैसे आपल्या खात्यातून चेकनेच द्यावेत. कोणाला बाहेर पडायचे झाल्यास त्याचा हिस्सा कोणी व कोणत्या भावाने घ्यायचा, कोणी वारल्यास वारसांचे काय, हे आधीच लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. घरच्या बाईमाणसांना व मुलांना त्याची प्रत दाखवून ठेवावी.

कागद मागितला तर संबंध बिघडतील, असे आम्हालाही वाटले होते. कागद नव्हता म्हणूनच ते बिघडले. बेणे सख्ख्या भावाच्या रानातले असले तरी आपण डोळे तपासूनच घेतो, आणि भावाला त्याचा राग येत नाही. जमिनीचेही तसेच करावे.

— ऊस विकास अधिकारी