रेशमी साडीचे आजोळ

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले की घरोघरची कपाटे उघडतात आणि वर्षभर घडीत जपलेली रेशमी वस्त्रे बाहेर निघतात. आजीचे लुगडे, आईची पैठणी, पूजेचे सोवळे! ती कुठे विणली, कोणत्या पेठेत घेतली, याची चौकशी आपण हौसेने करतो. पण तो धागा ज्याने काढला त्या किड्याचे घराणे कोणते, हे मात्र कुणी पुसत नाही.

सोलापूर हे तसे सुताचे गाव. सोलापूर म्हटले की चादर, हे समीकरण महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक. परंतु या जिल्ह्यातले अनेक शेतकरी आता तुती लावून रेशमाचे किडे पाळतात. हा किडा तीन-साडेतीन आठवडे तुतीचा पाला खातो, चार वेळा कात टाकतो आणि मग स्वतःभोवती कोष विणतो. कोषातला धागा अखंड आणि सुमारे हजार मीटर लांब! कोषातून बाहेर येतो तो पांढरा, केसाळ पतंग. त्याला पंख असून उडता येत नाही. माणसाच्या दावणीला तो जवळजवळ पाच हजार वर्षे बांधलेला आहे.

मग त्याचे मूळचे गणगोत कुठे? त्याच्यासारखाच एक रानटी पतंग चीनमध्ये आहे आणि जपानमध्येही आहे. दोघांपैकी खरा पूर्वज कोणाचा? या प्रश्नाचा निकाल लावायला शास्त्रज्ञांनी जी साक्ष काढली, ती मोठी मौजेची आहे.

आपण कुळ आणि गोत्र वडिलांकडून सांगतो. निसर्गाने मात्र एक वंशावळ केवळ आईच्या बाजूने लिहून ठेवली आहे. प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांना पेशीच्या घरातली चूल म्हणा ना! अन्नातून ऊर्जा काढण्याचे काम त्या करतात. या चुलीजवळ तिची स्वतःची एक छोटी पोथी असते. ती आईच्या अंड्यातून मुलाला आणि मुलीला, दोघांनाही मिळते; पण पुढच्या पिढीला ती देते फक्त मुलगी. रेशीमपतंगाची ही पोथी सुमारे १५ हजार ६०० अक्षरांची असून तीत ३७ जनुके आहेत. नवल असे, की तुमच्या-आमच्या तंतुकणिकांतही जनुके ३७ च!

पोथीची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होताना एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढे चालत राहते. दोन पोथ्यांत चुका जितक्या समान, तितके नाते जवळचे. या कसोटीवर आपला पाळीव पतंग चीनच्या रानपतंगाच्या शेजारी बसला. जपानचा भाऊबंद दूरचा ठरला. गुणसूत्रांनीही हीच ग्वाही दिली. पाळीव पतंगात त्यांच्या २८ जोड्या, चिनी रानपतंगात २८, आणि जपानी पतंगात २७. रेशमी साडीचे आजोळ ठरले ते असे.

हीच पोथी चाळताना आणखी एक जुना समज ढासळला. फुलपाखरे दिवसा उडणारी, रंगीबेरंगी. पतंग रात्री दिव्यावर झेपावणारे, मळकट. म्हणजे ही दोन निराळी कुळे, असे आपण धरून चालतो. या साऱ्या समूहाच्या सुमारे १ लाख ६० हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांत फुलपाखरे आहेत जेमतेम १८-१९ हजार. ती पतंगांच्या विशाल वृक्षाचीच एक फांदी आहेत! परसातल्या कढीपत्त्यावर अंडी घालणारे लिंबाचे फुलपाखरू पाहा आणि हा रेशीमपतंग पाहा. रूपात कुठे साम्य नाही. पण दोघांच्या पोथीत तीन लहान जनुकांचा क्रम सारखाच बदललेला आढळतो. भूतपतंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन शाखेत मात्र जुनाच क्रम शाबूत आहे. म्हणजे ती शाखा आधी वेगळी झाली आणि हा बदल नंतरच्या एका पणजीपासून बाकीच्यांत उतरला.

अर्थात इतकी लहान पोथी फार जुन्या काळाबद्दल कधी कधी चकवते. म्हणून केंद्रकातल्या जनुकांचीही साक्ष घ्यावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ २,३०० जातींची ३९१ जनुके ताडून पाहिली. फुलपाखरे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत, रात्री उडणाऱ्या पतंगांपासून निपजली, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

कुणी म्हणेल, या वंशावळीचा संसाराला उपयोग काय? तर आजोळहून वारसा येतो, तसे दुखणेही येते. तंतुकणिका ज्या अंड्यातून येतात, त्याच अंड्यातून पेब्रीन नावाच्या रोगाचे सूक्ष्म जंतू आईकडून पिलांत उतरतात. या रोगाने फ्रान्सचा रेशीमधंदा बुडू लागला, तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर यांच्यावर तपासाची कामगिरी सोपवली गेली. त्यांनी सांगितलेला उपाय साधा होता. अंडी घालून झाली की आईपतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि ती रोगट निघाली तर तिची सारी अंडी नष्ट करायची.

आजही रोगमुक्त अंडीपुंज तयार करताना आई तपासली जाते. सोलापूरकडचा शेतकरी अंडीपुंज आणतो, तेव्हा महिनाभराचा पाला, घरच्या माणसांची मेहनत आणि मुलांच्या शाळेची फी, सारे त्या मोहरीएवढ्या अंड्यांवर टांगलेले असते. अंडी निकोप निघाली तर कोष भरतात. रोगट निघाली तर तुतीचा हिरवागार मळा असूनही हात रिकामे राहतात.

तेव्हा यंदा पाडव्याला रेशमी साडीची घडी मोडाल, तेव्हा विणकराबरोबर त्या न उडणाऱ्या आईचीही क्षणभर आठवण करा. तिच्या निकोपपणावरच शेतकऱ्याच्या घरची दिवाळी अवलंबून असते.