पाहुण्याची गिरकी आणि बोगद्याची भिंत

शेतात गोणीतून येतो तोच हा युरिया. तो कोमट मिथेनॉलमध्ये विरघळवला, त्यात हेक्साडेकेन हे सोळा कार्बनांचं तेलकट द्रव्य मिसळलं आणि द्रावण सावकाश गार होऊ दिलं, की सुईसारखे लांब, षट्कोनी स्फटिक वाढतात. १९४० च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिख बेंगेन यांच्या लक्षात ही करामत आली. नेहमीच्या युरियात रेणूंची रचना दाट असते. इथे मात्र ते हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन मळसूत्रासारखे वर चढतात आणि मधे सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉम रुंदीचे समांतर बोगदे सोडतात. हेक्साडेकेनची साखळी ताठ होऊन त्या बोगद्यात शिरते. म्हणून युरियाला यजमान आणि हेक्साडेकेनला पाहुणा म्हणायचं. पण हा पाहुणा स्वस्थ बसणारा नाही.

अशा सुईची पातळ चकती कापून ती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बोगद्याच्या दिशेने पाहिली, तर आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये ती जवळजवळ काळी दिसते: षट्कोनी सममिती शाबूत. चकती थंड करत न्या. साधारण १५० केल्विनला, म्हणजे उणे १२३ अंश सेल्सिअसला, काळोख फुटतो आणि एकमेकांशी साठ अंशांनी वळलेल्या तीन दिशांचे उजळ-मंद पट्टे उमटतात. बोगदे एका बाजूला चेपले गेले, हे उघड आहे. चेपले का, याचं उत्तर भिंतीपेक्षा पाहुण्याकडे मागावं, असं माझं मत. पाहुण्याच्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालून एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपट घेतला, तर या तापमानाच्या उष्ण बाजूला वर्णपटातल्या दोन शिखरांमधलं अंतर स्थिर साखळीत दिसलं असतं त्याच्या निम्मंच दिसतं. साखळी स्वतःच्या अक्षाभोवती झपाट्याने गिरक्या घेत असली, तरच हे घडतं. न्यूट्रॉन विखुरणानुसार या हालचाली पिकोसेकंदांच्या हिशेबात चालतात. षट्कोनी सममिती मोडण्याच्या या संक्रमणाच्या तापमानाखाली गिरकीला लगाम बसतो. ती पुरती थांबत नाही, पण साखळ्या ठरावीक दिशा धरू लागतात.

यावर कोणी म्हणेल, थंडीने भिंत आकसली म्हणून पाहुणा अडकला. कारण आणि परिणाम तुम्ही उलटे लावलेत. आक्षेप पोकळ नाही. शेजारचे बोगदे आठेक अँगस्ट्रॉम अंतरावर, त्यामुळे एका पाहुण्याचा कल दुसऱ्यापर्यंत पोहोचायला मधली भिंत वाकावीच लागते. यजमानाला साक्षीदार म्हणून बाजूला उभं करता येत नाही. पण भिंत तीच ठेवून पाहुणा बदलला की काय होतं? दहा कार्बनांच्या डेकेनसाठी हेच संक्रमण ११० केल्विनच्या आसपास घसरतं. आकसण्याचा हिशेब एकट्या युरियाचा असता, तर पाहुण्याच्या लांबीने एवढा फरक पडला नसता. म्हणजे भिंत निरोप पोहोचवते, पण निरोप पाहुण्याचा. रिकामा बोगदा थंड करून हा वाद कायमचा मिटवता आला असता, पण ती सोय नाही: पाहुणा बाहेर काढला की बोगदे कोसळतात आणि हातात उरतो तो गोणीतला साधा युरिया.