सूर विरतो कसा, ते ऐका

नवा डिजिटल पियानो घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला आधी किंमत विचारतो आणि मग आत आवाज किती ते विचारतो. पाचशे, सातशे असे आकडे ऐकून तो खूश होतो. यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात वाद्यं जुळवण्यात आणि शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. भेटेल त्याला मी एकच सांगत आलो आहे की पट्टी दाबताना काय होतं ते सगळेच ऐकतात, तुम्ही ती सोडताना काय होतं ते ऐका. सॅम्पलिंगचं सगळं कसब तिथे उघडं पडतं.

सॅम्पलिंग म्हणजे काय, ते दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. चांगला ग्रँड पियानो घ्यायचा, एकेक सूर मायक्रोफोनसमोर वाजवायचा, सेकंदाला 44,100 वेळा मोजून साठवायचा आणि पट्टी दाबली की तो परत ऐकवायचा. इतिहासही भराभर सांगून टाकतो. 1979 चं ऑस्ट्रेलियन फेअरलाइट, 1981 चा एम्युलेटर, 1983 साली आलेली मिडीची भाषा, आणि 1984 चं कुर्झवाइल 250. ऐकणाऱ्याने चमकून मान वळवावी असा पियानो या कुर्झवाइलने पहिल्यांदा दिला. पुढची दहाबारा वर्षं काटकसरीत गेली, कारण मेमरी तोळ्यामाशाने मोजून वापरावी लागे. खर्जातला एक सूर तीस सेकंद सहज रेंगाळतो आणि स्टीरिओत तेवढ्याला पाच एमबीहून जास्त जागा लागते. मग कंपन्यांनी दोन तोडगे काढले. सुरुवातीचा ठोका खरा ठेवायचा आणि पुढचा तुकडा गोल गोल फिरवत आवाज हळूहळू उतरवायचा, हा पहिला. एकच सूर ताणून शेजारच्या तीनचार पट्ट्यांना पुरवायचा, हा दुसरा. ताणलेल्या सुराबरोबर लाकडाचा घुमाराही वर सरकतो आणि पियानोचा आकार बदलल्यासारखा वाटतो. 1998 च्या गिगासॅम्पलरने सूर थेट हार्डडिस्कवरून वाचायला सुरुवात केली आणि ही ओढाताण संपली.

जागा मिळाली, पण लक्ष भलतीकडेच गेलं. अमुक गिगाबाइट, तमुक थर! थर लागतात, यात वाद नाही. हळू मारलेली हातोडी आणि जोरात मारलेली हातोडी यांत नुसता लहानमोठेपणाचा फरक नसतो. जोराच्या ठोक्याने फेल्ट दबून कडक होतं आणि सुराचा रंगच पालटतो, म्हणून प्रत्येक सूर कमीजास्त जोराने पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करावा लागतो. तरीही हे सगळे सूर सुटे सुटे टिपलेले असतात. खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा एकाच लाकडी फळीशी जोडलेल्या असतात. पेडल दाबून एक सूर छेडला की बाकीच्या तारा आपणहून बोलू लागतात. हा झंकार सुट्या सुरांच्या बेरजेतून येत नाही. तो निराळा टिपावा लागतो किंवा गणिताने घडवावा लागतो.

दुकानात करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. पेडलला पाय लावू नका. खर्जातली एक पट्टी इतकी सावकाश दाबून धरा की आवाजच होणार नाही. आता तिच्या वरच्या सप्तकातला तोच सूर ठणकावून मारा आणि लगेच सोडा. खऱ्या पियानोत वरचा सूर थांबतो आणि धरून ठेवलेल्या खर्जाच्या तारेतून तोच सूर मागे पातळसा ऐकू येत राहतो. हलक्या यंत्रात सगळं चिडीचूप होतं. मग अगदी उजवीकडच्या पट्ट्यांकडे जा. पियानोच्या सर्वांत वरच्या दीडएक सप्तकाला तारा दाबणारे डँपर नसतातच, त्यामुळे पट्टी सोडली तरी ते सूर आपल्या चालीने विरतात. यंत्रात ते कापल्यासारखे थांबले, तर बनवणाऱ्याने पियानो नीट ऐकलेला नाही, असं खुशाल समजा.

2006 साली फ्रान्सच्या पियानोटेकने आणि 2009 साली रोलंडच्या व्ही-पियानोने ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून तार, हातोडी, फळी सगळं गणितातच उभं केलं. तेव्हापासून काही मंडळी सॅम्पलिंगचं तेरावं घालून मोकळी झाली आहेत. गणिताचा झंकार सुंदर असतो, ते मी मानतो. पण एका विशिष्ट वाद्याचा स्वभाव, त्याच्या खोलीची हवा, त्याची खोड हे ध्वनिमुद्रणातच सापडतं. दुसऱ्या टोकाला सोवळे लोक आहेत. त्यांना हा सगळाच प्रकार नकली वाटतो. 1940 साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं आणि ते 1971 पर्यंत बंद राहिलं, तेव्हाही सोवळ्यांनी माना डोलावल्याच होत्या. पेटी टिकली ती वाजवणाऱ्यांमुळे.

पेटीचा विषय निघाला की मला राहवत नाही. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी अजून खरी असते, पेटीच्या जागी मात्र कॅसिओ आला. कंपनी कोणतीही असो, त्याला कॅसिओच म्हणतात. भारतासाठी काढलेल्या यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत तबला, तानपुरा, पेटी सगळं दिलं आहे आणि त्याचं मला कौतुकच आहे. पण बहुतेक कीबोर्डांवरच्या पेटीला भाता नसतो. खऱ्या पेटीत भात्याचा दाब वाढला की आवाज तर चढतोच, सूरही किंचित हलतो. गवय्याने श्वास घेतला की वाजवणाऱ्याचा डावा हात आपसूक थांबतो. कीबोर्डावरचा सूर एकाच दाबाने गात राहतो आणि भजन सपाट होतं. आजकालच्या मुलांना हा सपाटपणा खटकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या कानाने भाता ऐकलाच नाही, त्याला तो हरवल्याचं कसं कळणार?

आणि ऑर्गन! बालगंधर्वांच्या पदांमागे हरिभाऊ देशपांड्यांनी वाजवलेला तो पायाचा ऑर्गन. मराठी रंगभूमीने परदेशी वाद्य इतकं आपलंसं केलेलं दुसरं उदाहरण मला दिसत नाही. पेटीत भात्याची हवा सुरांतून, म्हणजे रीडमधून, बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती सुरांतून आत ओढली जाते. त्यामुळे ऑर्गनचा सूर अंगावर न येता मऊ उमटतो आणि गाणाऱ्याच्या आवाजाखाली अंथरल्यासारखा राहतो. आज नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात ते जड वाद्य कोण उचलून नेणार, म्हणून कीबोर्डावरचा ऑर्गन लावतात. तो बहुधा चर्चमधला पाइप ऑर्गन असतो, नाहीतर विजेवरचा. मराठी कानाला ओळखीचा ऑर्गन त्यात नसतो.

तो आपणच टिपला पाहिजे, हे मी तरुणपणापासून म्हणत आलो आहे. पाच सप्तकांच्या ऑर्गनला 61 पट्ट्या असतात. प्रत्येक सूर तीन दाबांनी घ्यायचा, म्हणजे 183 सूर झाले. प्रत्येक सूर सुटतानाची हवा आणि पट्टीचा खट् हा लाकडी आवाज निराळा घ्यायचा. पायट्यांची करकर पुसायची नाही. खुंट्या एकेक उघडून हेच पुन्हा करायचं. जुळणी करणारा एक जाणकार, पायाने सारखा दाब देणारा एक वादक, दोन चांगले मायक्रोफोन आणि पंखे बंद ठेवलेली रात्रीची खोली, एवढंच त्याला लागतं. एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाला हे काम उन्हाळ्याच्या एका सुट्टीत उरकता येईल. फक्त ती सुट्टी सूर आणि भाते शाबूत असलेला ऑर्गन मिळतो आहे तोवर यायला हवी, कारण भात्याचं चामडं एकदा तडकलं की ते बसवून देणारा कारागीर आता आमच्या जिल्ह्यात मला तरी माहीत नाही.