अंगठ्याचा ठसा आणि माणसाचे खाजगीपण

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपल्याकडे फार दिवस कुचेष्टेने वापरला गेला. ज्याला सही येत नाही तो अंगठा उठवितो, आणि जो अंगठा उठवितो तो अडाणी, असा सरळ हिशेब होता. आज हा हिशेब पार बदलला आहे. कचेरीतील साहेब हजेरीसाठी यंत्रावर बोट टेकवितात. घराचे खरेदीखत नोंदविताना वकीलही अंगठा देतात. खिशातला मोबाइलसुद्धा मालकाचे बोट ओळखूनच उघडतो. साक्षर-निरक्षर हा भेद यंत्राने पुसून टाकला, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही. पण गंमत बाजूला ठेवून एक प्रश्न विचारला पाहिजे. हा ठसा आपण कोणाला देतो, आणि त्याच्या बळावर त्याला आपल्यावर कोणता अधिकार मिळतो?

या ठशाची जन्मकथा आपल्याच देशातली आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना एका स्थानिक कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच हेतू. नंतर हुगळी येथे असताना १८७७ च्या सुमारास हर्शेलने निवृत्तिवेतन घेणारे, दस्तऐवज नोंदविणारे आणि कैदी यांच्या बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. तथापि, नुसते ठसे गोळा करून भागत नाही. हजारो ठशांतून नेमका एक ठसा शोधायचा कसा, ही खरी अडचण होती. ती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय फौजदारांनी सोडविली. रेषांच्या रचनेवरून ठशांची वर्गवारी करून ते १,०२४ कप्प्यांत मांडण्याची रीत बसविली गेली. जगाने तिला त्यांचा वरिष्ठ एडवर्ड हेन्री याचे नाव दिले. १८९७ साली कलकत्त्याला निघालेली ठसे-कचेरी ही जगातील या प्रकारची पहिली कचेरी होय.

या शोधाचे उपकार मोठे आहेत. खोटे नाव सांगणारा गुन्हेगार त्यामुळे सापडू लागला. बेवारस प्रेताला नाव मिळू लागले. दुसऱ्याच्या नावावर पेन्शन उचलण्यास आळा बसला. पण त्याच अंगठ्याची दुसरीही एक कहाणी आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू होऊ शकला, आणि नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. गुन्हा केलेला असो वा नसो, हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पिढ्या अशाच गेल्या. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण भटक्या-विमुक्तांच्या अंगावरचा संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही. ठसा तोच, शाई तीच. एका ठिकाणी तो माणसाच्या हक्काचा पुरावा ठरला, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पायातील बेडी. यंत्राचा हा दुहेरी स्वभाव ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे समजणे सोपे जाते.

खाजगीपण हे श्रीमंती खूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. चाळीच्या एका खोलीत आठ माणसे राहतात तिथे कसले आले आहे खाजगीपण? पण त्याच खोलीत दोरीवर लुगडे टाकून आडोसा केला जातोच. आडोशाची गरज माणसाला मुळातच आहे. तिला कायद्याची भाषा मिळाली ती यंत्रांमुळेच. १८९० साली अमेरिकेतील वॉरन व ब्रँडाइस या दोन वकिलांनी या हक्कावर एक गाजलेला लेख लिहिला. झटपट छायाचित्र घेणारे कॅमेरे आणि लोकांच्या घरात डोकावणारी वृत्तपत्रे ही त्यांची तक्रार होती.

आपल्या राज्यघटनेत हा हक्क शब्दाने लिहिलेला नाही. १९६२ साली खडकसिंग नावाच्या इसमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्री-अपरात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरविल्या. मात्र खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मानले नाही. १९९६ साली टेलिफोनवरील संभाषण हा खाजगी आयुष्याचाच भाग असल्याचे सांगून न्यायालयाने चोरून ऐकण्यावर बंधने घातली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हेतूच्या मानाने उपाय प्रमाणाबाहेर नसावा. १९७६ साली, आणीबाणीत, विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला न्यायालयाचे दार बंद करणारा जो निकाल झाला होता, तोही याच वेळी रद्दबातल ठरला. त्या जुन्या बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते; आणि तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ साली लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव.

हा प्रश्न न्यायालयात गेला तो ‘आधार’मुळे. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांची नोंद होते. पुढे रेशन दुकानात बोट टेकविले की ठसा मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहिला जातो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही, त्याला ओळख मिळाली, ही गोष्ट थोडी नव्हे. पण जन्मभर विटा उचलणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ‘नाही’ म्हणते ते बहुधा अशाच हातांना. म्हणजे कष्ट हाच त्यांचा अपराध! शिवाय परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो; अंगठा बदलता येत नाही. २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली. पण बँकेच्या खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती मोडून काढली.

मोबाइलचे तर विचारूच नका. आपल्याला आलेला फोन पोहोचावा म्हणून तो सतत जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवतो. म्हणजे आपण कोठे आहोत, हे कोठेतरी नोंदले जातच असते. संकटात सापडलेल्या मुलीने ११२ क्रमांक फिरविला, तर हीच सोय तिच्या मदतीला धावते. आणि तिच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या हाती ती माहिती पडली, तर तीच तिचा घात करते.

“ज्याने काही वाईट केले नाही, त्याने भ्यावे कशाला?” असा सवाल नेहमी ऐकू येतो. या सवालात एक गफलत आहे. ‘वाईट’ कशाला म्हणायचे, हे पाहणारा ठरवीत असतो. सेटलमेंटमधल्या माणसाने जन्म घेण्यापलीकडे कोणते वाईट केले होते? शिवाय कोणी पाहत आहे, एवढ्या जाणिवेनेच माणूस बदलतो. मुलगी मैत्रिणीशी मोकळे बोलत नाही; कामगार सभेला जाण्याआधी दहा वेळा विचार करतो; विद्यार्थी वेगळे पुस्तक मागताना कचरतो. कोणी बंदी घातलेली नसते, तरी स्वातंत्र्य आक्रसत जाते.

यंत्रे समुद्रात बुडवा, असे कोणी म्हणणार नाही. दाराला कडी असावी, आणि ती आतून असावी, एवढेच मागणे आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती घेणाऱ्याने संमती घ्यावी, कशासाठी हवी ते सांगावे, आणि माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशी त्यात तरतूद आहे. सरकारी यंत्रणांना मात्र त्यात बरीच सूट मिळू शकते, आणि सर्वांत मोठे दप्तर तर सरकारजवळच आहे!

कायदा आपले काम करील तेव्हा करील. आपण निदान विचारण्याची सवय लावून घ्यावी: ही माहिती कशाला हवी? कोण ठेवणार? किती दिवस? आपले आजोबा कागदावर अंगठा उठवीत, तेव्हा मजकूर वाचता येत नसे म्हणून सावकाराने जमिनी गिळल्या. आपल्याला वाचता येते. तरीही न वाचताच ‘मान्य आहे’ म्हणून आपण बोट टेकविणार असलो, तर अंगठेबहाद्दर म्हणायचे कोणाला?