इंग्रजीत ‘टु’ कुठे येतो आणि कुठे गळतो

‘द फार्मर टोल्ड हिज सन टु वॉटर द ट्रीज.’ या इंग्रजी वाक्यात क्रिया दोन आहेत. सांगतो शेतकरी आणि झाडांना पाणी देणार मुलगा. मधला ‘हिज सन’ पहिल्या क्रियापदाचे कर्म आहे, आणि दुसरी क्रिया करणाराही तोच आहे. आधी क्रियापद, मग त्याचे कर्म आणि शेवटी ‘टु’ लागलेले मूळ क्रियापद, म्हणजे इन्फिनिटिव्ह, अशी ही रचना आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. जालना जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांतही मुलांची या रचनेशी ठळक गाठ पडते ती ‘इनडायरेक्ट स्पीच’च्या धड्यात. बापाची आज्ञा दुसऱ्याच्या शब्दांत सांगायची झाली की ‘वॉटर द ट्रीज’चे ‘टु वॉटर द ट्रीज’ होते. रचना मात्र त्या धड्यापुरती नाही. विनंती, सल्ला, परवानगी, सक्ती, इच्छा असे माणसामाणसांतले कितीतरी व्यवहार इंग्रजी याच साच्यात मांडते.

या रचनेतला इन्फिनिटिव्ह बदलत नाही. ‘टोल्ड’ हा भूतकाळ असला तरी पुढे ‘टु गो’च येते, ‘टु वेन्ट’ नाही. मधल्या सर्वनामाचे रूप मात्र कर्माचे लागते: ‘टोल्ड हिम टु गो’, ‘टोल्ड ही’ नव्हे. मराठीत ‘त्याला जायला सांगितले’ म्हणताना ‘ला’ प्रत्यय जे काम करतो, ते इंग्रजीत सर्वनामाचे रूप आणि शब्दाची जागा मिळून करतात.

‘टेल’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘अ‍ॅडव्हाइज’, ‘टीच’, ‘इन्व्हाइट’, ‘अलाउ’, ‘फोर्स’, ‘एन्करेज’ ही क्रियापदे या साच्यात सरळ बसतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि 1998 मध्ये त्यांना ‘वर्ल्ड फूड प्राइज’ मिळाले. त्यांच्या कामाविषयी इंग्रजीत लिहिताना ‘बारवाले एन्करेज्ड फार्मर्स टु ग्रो हायब्रिड सीड’ असे वाक्य होईल. उत्तेजन देणारे बारवाले, संकरित बियाणे पिकवणारे शेतकरी.

‘वॉन्ट’ हे क्रियापद मराठी भाषकाला अवघड जाते. ‘मुलीने डॉक्टर व्हावे असे आईला वाटते’ या वाक्यात मुलगी स्वतंत्र उपवाक्यात बसते आणि कर्ता म्हणून ‘ने’ घेते. त्या वळणाने ‘द मदर वॉन्ट्स दॅट हर डॉटर शुड बिकम अ डॉक्टर’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीची रीत ‘द मदर वॉन्ट्स हर डॉटर टु बिकम अ डॉक्टर’ अशी आहे.

‘टेल’ आणि ‘वॉन्ट’ वरून सारखे दिसले तरी आतून वेगळे आहेत. सांगायचे तर ऐकणारा कुणीतरी लागतो. इच्छेला तशी अट नाही. ती माणसाची नसून घडणाऱ्या गोष्टीची असते. म्हणून ‘फार्मर्स वॉन्ट द रेन टु कम’ हे अगदी साधे वाक्य आहे, पण ‘फार्मर्स टोल्ड द रेन टु कम’ म्हणायला पावसाला कान असावे लागतील. ‘एक्स्पेक्ट’ याबाबतीत ‘वॉन्ट’सारखे चालते. त्याचा कर्मणी प्रयोगही होतो, आणि ‘द मॉन्सून इज एक्स्पेक्टेड टु अराइव्ह’ असे वाक्य बातम्यांत दरवर्षी दिसते. ‘वॉन्ट’चा असा कर्मणी प्रयोग होत नाही.

काही क्रियापदांपुढे ‘टु’ गळतो. ‘मेक’ आणि ‘लेट’ ही त्यांतली मुख्य. ‘द टीचर मेड हिम स्टँड’ म्हणजे उभे राहायला लावले. ‘द टीचर लेट हिम स्टँड’ म्हणजे उभे राहू दिले. पाहणे आणि ऐकणे या अर्थांची ‘सी’, ‘वॉच’, ‘हिअर’ ही क्रियापदेही याच गटात येतात. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे त्याने रस्ता पूर्ण ओलांडलेला पाहिला. ‘क्रॉसिंग’ म्हटले तर तो ओलांडत असताना दिसला. एखाद्याकडून काम करवून घेण्यासाठी इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘गेट’ दोन्ही चालतात, पण ‘हॅड द मेकॅनिक रिपेअर द पंप’मध्ये ‘टु’ नाही आणि ‘गॉट द मेकॅनिक टु रिपेअर द पंप’मध्ये तो हवा. ‘हेल्प’पुढे तो ठेवला तरी चालतो, गाळला तरी चालतो.

या फरकाचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे. तेव्हा इन्फिनिटिव्हची ओळख क्रियापदाच्या शेवटच्या प्रत्ययाने होई, आणि ‘टु’ हे दिशा किंवा हेतू दाखवणारे अव्यय होते. पुढे प्रत्यय झिजले आणि ती खूण ‘टु’ने उचलली. काही क्रियापदांपुढे मात्र जुने बिनखुणेचे रूप टिकून राहिले. नियम स्थिरावायला काळ लागला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘मेक’नंतरही ‘टु’ आढळतो. आज तो कर्मणी प्रयोगात परत येतो: ‘ही वॉज मेड टु स्टँड’, ‘ही वॉज सीन टु क्रॉस द रोड’. ‘लेट’चा कर्मणी प्रयोग सहसा होत नाही, तिथे ‘वॉज अलाउड टु’ वापरतात.

नकाराची जागाही अर्थ बदलते. ‘टोल्ड हिम नॉट टु गो’ म्हणजे जाऊ नको असे सांगितले. ‘डिड नॉट टेल हिम टु गो’ म्हणजे जायला सांगितलेच नाही. ‘प्रॉमिस’ हे अपवादात्मक क्रियापद आहे. ‘ही प्रॉमिस्ड हर टु कम’ या वाक्यात येणार तो, ती नव्हे.

अर्थ जुळूनही साच्यात न बसणारी क्रियापदे आहेत. ‘सजेस्ट’, ‘से’ आणि ‘होप’ यांच्यापुढे कर्म आणि इन्फिनिटिव्ह ही जोडी येत नाही. मराठीत ‘सांगणे’ एकच असल्याने ‘ही सेड मी टु गो’ असे तोंडातून निघते. तिथे ‘टोल्ड’ हवे. ‘सजेस्टेड मी टु टेक रेस्ट’ऐवजी ‘सजेस्टेड दॅट आय टेक रेस्ट’ म्हणावे लागते. ‘प्रिव्हेंट’पुढे ‘फ्रॉम’ आणि ‘-इंग’ रूप येते.

पुढचे रूप पहिले क्रियापद ठरवते, हे तत्त्व मराठीला परके नाही. ‘लावणे’ला ‘राहायला’ लागते आणि परवानगीच्या ‘देणे’ला ‘राहू’. ‘त्याला घरात राहू दिले’ आणि ‘त्याला घर राहायला दिले’ यांतला फरक मराठी मुलाला व्याकरण न शिकताही कळतो, कारण ही रूपे त्याच्या कानावर जोडीनेच पडलेली असतात. इंग्रजी क्रियापदही त्याच रीतीने शिकावे. नुसते ‘अलाउ’ पाठ करण्यापेक्षा ‘अलाउ हिम टु गो’, नुसते ‘लेट’ पाठ करण्यापेक्षा ‘लेट हिम गो’ असा पूर्ण तुकडा तोंडी बसवला, तर ‘टु’ कुठे हवा आणि कुठे नको हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागत नाही.